आक्षेप आलेला नाही

शेषगिरीरावांनी आयुष्यात एकही भाषण केलं नाही, पण एकतीस वर्षं गावात जे जे ठरलं ते त्यांच्या शब्दांत ठरलं. ते कौन्सिलच्या कचेरीत ठराव लिहीत. सभासद भांडत, बाकं बडवत, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले शेषगिरीराव त्या गदारोळातून चार स्वच्छ ओळी गाळून काढत. दुसऱ्या दिवशी ठराव वाचणाऱ्याला वाटावं, काल सभागृहात ऋषिमुनीच बसले होते. गल्लीतले दिवे, बाजाराची जागा, मोकाट गुरं, स्मशानाची भिंत, सगळं आधी त्यांच्या तमिळ टाइपरायटरवरून गेलं आणि पुढे कंप्युटरवरून.

त्यांना अभिमान होता तो वाक्यांचा. जुन्या कारकुनांनी पानभर लांबवलेली वाक्यं त्यांनी छाटून, घासून नेटकी केली होती आणि एका वहीत नंबर घालून उतरवली होती. 'सभागृहाने विचार केला व मान्य केले.' 'सदर काम जनहितार्थ निकडीचे आहे.' 'जनतेकडून कोणताही आक्षेप आलेला नाही.' कुठल्या ठरावाला कुठलं वाक्य लागेल हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. रोज जेवताना त्या दिवशीचं एखादं जमलेलं वाक्य ते बायकोला म्हणून दाखवत. सरोजाबाई पानात रस्सम वाढता वाढता ऐकत आणि म्हणत, "चांगलं लिहिलांत." गटाराच्या ठरावाला अशी दाद देणारी बायको सगळ्यांना मिळत नाही. निवृत्त होण्याआधी दोन वर्षं भुवना नावाची नवी टायपिस्ट कचेरीत आली. तिच्याकडून ती वही त्यांनी कंप्युटरवर चढवून घेतली आणि मगच निर्धास्तपणे घरी आले.

घर तंजावुरच्या राजवाड्यामागच्या चिटणीस संदूत. संदु म्हणजे बोळ. दोन्ही बाजूंना मिळून सतरा घरं, सगळी मराठी. यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर दौत-लेखणी घेऊन आले. राजे गेले, साहेब आले, साहेबही गेले. चिटणीस संदूतली माणसं नव्या मालकाचं टपाल लिहीत राहिली. कोणी बँकेत, कोणी ट्रेझरीत, कोणी रजिस्ट्रारकडे, कोणी शाळेत. आता देवनागरी वाचणारं संदूत एखाददुसरंच, पण अर्ज लिहावा तर यांनीच, इंग्रजीत म्हणा, तमिळमध्ये म्हणा. भांडण झालं तरी ही मंडळी आवाज चढवत नाहीत, समोरच्याला पत्र देतात आणि पोच घेतात. मी थट्टा करत नाही. अनिरुद्धरावांनी समोरच्या घरात राहून, आठ फुटांवरून, शेषगिरीरावांना नारळाच्या झावळीबद्दल रजिस्टर पत्र पाठवलं होतं. ते पत्र शेषगिरीरावांनी जपून ठेवलंय, कारण मजकूर खरोखरच उत्तम होता.

तीन वर्षांपूर्वी सरोजाबाईंचं डावं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. मुलगी अखिला बेंगळुरूहून आली, महिनाभर राहिली, रडली, गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला यातच समाधान माना. शेषगिरीराव मग रोज सकाळी त्यांना कमरेला धरून, एकेक पाऊल मोजत, पुढच्या तिन्नैवर आणून बसवू लागले. तिन्नै म्हणजे दाराबाहेरचा ओटा, दोन लाकडी खांबांचा, तांबड्या घोटीव जमिनीचा, बसून बसून मधे खोलगट झालेला. पाठीला खांब, मांडीवर सूप, उजव्या हाताने कढीलिंबाची पानं ओरबाडायची. समोरच्या तिन्नैवर अनिरुद्धरावांची अंबाबाई शेवग्याचा पाला निवडत बसलेली. संदु इतका अरुंद, की आवाज न चढवता दोघींना बोलता यावं. आधी अंबाबाई एकटीच बोलायची. भाजीवाली थांबायची, ताकवाला थांबायचा, शाळेच्या पोरी जाता जाता आजीला हाक मारावी तसं "पाटी, पाटी" करून हात हलवायच्या. पाचव्या महिन्यात सरोजाबाई भाजीवालीला म्हणाल्या, "कालचा पाला निबर होता." तंजावुरातल्या सगळ्या देवळांतून शेषगिरीरावांनी त्या दिवशी नारळ फोडले. औषधांनी जे केलं ते केलं. वाचा परत आणली ती तिन्नैने, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी चारपासून दिवेलागणीपर्यंत सरोजाबाई तिथे बसत. घरात नेलं की त्या गप्प व्हायच्या आणि बाहेर आणलं की दिव्यात तेल घातल्यासारख्या पुन्हा बोलू लागायच्या.

मागच्या मार्गशीर्षात नोटीस आली. पावसाचं पाणी राजवाड्याच्या बाजूला तुंबतं म्हणून मोठं गटार घालायचं ठरत होतं. नकाशावर दोन रेषा होत्या: एक शेजारच्या फुलवाल्यांच्या संदूतून आणि एक चिटणीस संदूतून. ज्या संदूतून गटार जाईल त्याच्या दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या, कट्टे रस्त्याच्या हद्दीत धरून काढले जातील. हरकती असतील त्यांनी पंधरा दिवसांत विभागीय कचेरीतल्या इंजिनियरकडे किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपवर द्याव्यात.

त्याच संध्याकाळी सतरा घरची माणसं शेषगिरीरावांच्या तिन्नैसमोर उभी राहिली. असली गोष्ट त्यांच्याशिवाय कोणाला कळणार? अंबाबाईचं म्हणणं साधं होतं, की आपण सगळ्यांनी मिळून वॉर्डाच्या सभासदाच्या घरी जावं, सरोजालाही खुर्चीत घालून न्यावं, त्याला दाखवावं. शेषगिरीरावांच्या कपाळावर आठी पडली. सभासदाच्या दारात हात जोडून उभं राहायला आपण काय मोरी तुंबल्याची तक्रार घेऊन चाललोय? ठराव माणसांच्या तोंडावर होत नाहीत, फायलीत काय आहे त्यावर होतात. फायलीत आक्षेप असला तर सभागृहाला तो वाचावाच लागतो, असा नियम आहे. प्रत्येक घराने आपापला वेगळा अर्ज द्यावा, मुदतीत द्यावा, सेक्रेटरीच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. कोणीतरी म्हणालं, नोटिशीत तर विभागीय कचेरी लिहिलंय. शेषगिरीराव हसले. खालच्या ओळी इंजिनियर लोक लिहितात, त्यांना पद्धत माहीत नसते. आक्षेप कौन्सिल सेक्शनलाच येतात, एकतीस वर्षं मी ते टेबल सांभाळलंय. झालं. चिटणीस संदूत एकदा कोणी 'पद्धत' हा शब्द उच्चारला, की पुढे वाद संपतो.

मग जे अर्ज लिहिले गेले त्यांना तोड नव्हती. ट्रेझरीतल्या वेंकटरावांनी परिशिष्टं जोडली. एकाने पावसाचे वीस वर्षांचे आकडे काढले. अनिरुद्धरावांचा अर्ज नऊ पानांचा. तो राजे तंजावुरात आले त्या सालापासून सुरू होत होता आणि गटारापर्यंत सहाव्या पानावर पोचत होता. शेषगिरीरावांनी सगळे तपासले, कोणाचा शब्द बदलला, कोणाचा समास नीट केला. स्वतःचा अर्ज त्यांनी अर्ध्या पानाचा ठेवला. बायकोचा आजार, तिन्नैची लांबी-रुंदी, डॉक्टरांचा दाखला. शेवटची ओळ त्यांनी चारदा लिहिली आणि चारदा खोडली, कारण त्यात 'कृपया' हा शब्द आला होता आणि अर्जात भीक दिसू नये असं त्यांचं मत होतं.

सरोजाबाई तिन्नैवरून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "मेस्त्री येईल त्यास हें वाचतां येईल कां?"

"त्याला कशाला? फायलीत जाईल," शेषगिरीराव म्हणाले.

"मज फाइल नको. तिन्नै पाहिजे."

त्यांनी हसून बायकोच्या मांडीवरचं सूप सरळ केलं. नवव्या दिवशी ते स्वतः सतरा अर्ज घेऊन कचेरीत गेले, सतरा शिक्के मारून घेतले आणि सतरा पोचा घरोघर वाटल्या. संदूतल्या लोकांनी त्या पोचा देवाजवळ ठेवल्या.

फुलवाल्यांच्या संदूत कोणी अर्ज लिहिला नाही. तिथल्या बायका पहाटे मोगऱ्याच्या परड्या घेऊन निघतात. त्या दिवशी बाजारात जायच्या आधी त्या सभासदाच्या दारात जाऊन बसल्या, तीस-चाळीस जणी, आणि तिथेच गजरे ओवू लागल्या. सभासदाच्या आईने चहा दिला. तिला त्यांनी गजरा माळला, आणि ओटा गेला तर फुलं ओवायला आम्ही कुठे बसायचं ते तूच सांग म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न होता, त्यांनी तो माणसाकडे नेला. पुढच्या आठवड्यात नकाशावर एकच रेषा उरली आणि ती चिटणीस संदूतून जात होती.

हे कळलं तेव्हाही शेषगिरीराव घाबरले नाहीत. आक्षेप फायलीत आहेत, सभागृहात वाचले जातील, असं ते ज्याला त्याला सांगत होते. तरी सभेच्या आदल्या दिवशी ते कौन्सिल सेक्शनला गेले. भुवना आता त्यांच्या खुर्चीवर बसते. ती उठून उभी राहिली, त्यांना बसायला दिलं, कॉफी मागवली. मग त्यांनी फाइलचा विषय काढला तशी तिची मान खाली गेली.

ती तमिळमध्ये हळू बोलत होती. ते निवृत्त झाल्यावर, पाच वर्षांपूर्वी, पद्धत बदलली. हरकती आता विभागीय कचेरीत नोंदतात किंवा अ‍ॅपवर. इथे आलेलं टपाल खाली पाठवतात. सतरा अर्ज खाली गेले, पण पोचले ते मुदत संपल्यावर सहाव्या दिवशी. तिथे ते 'उशिरा आलेले' म्हणून वेगळ्या गठ्ठ्यात बांधले. सभेपुढे ठेवायच्या टिपणात मुदतीतले तेवढेच आक्षेप येतात.

"मुदतीत किती आले?" शेषगिरीरावांनी विचारलं.

"एकही नाही, सार."

त्यांनी खिशातून आपली पोच काढून टेबलावर ठेवली. तारीख मुदतीच्या आतली होती. भुवनाने ती पाहिली, शिक्का तिच्याच सेक्शनचा होता. "हे तुम्ही मला दाखवून काय होणार, सार?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "टिपण छापून वाटून झालंय. तुम्ही एकदा मला फोन करून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, खाली जा म्हणून."

फोन करून विचारायचं! ज्या पोरीला आपण समास कुठे ठेवायचा ते शिकवलं तिला आपणच पद्धत विचारायची, हे शेषगिरीरावांच्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तर निदान आपलाच पाय मोडतो. यांनी सतरा घरांच्या पायांवर पाडला, आणि तोही पोच घेऊन. कॉफी तशीच ठेवून ते उठले. रस्त्यात त्यांना अनिरुद्धराव भेटले, पण काय झालं ते त्यांना सांगवलं नाही. उद्या सभा आहे, बघू, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सभागृहात प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. एकतीस वर्षांत या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते. इथून अध्यक्षांचा चेहरा दिसत नव्हता. आधी तासभर पुतळ्याच्या रंगावरून भांडण झालं. मग जेवणाची वेळ झाली आणि सेक्रेटरीने वाचलं, विषय एकतीस ते अडुसष्ट. कोणीतरी म्हणालं मंजूर, बाकं वाजली. गटार सत्तेचाळीस नंबरला होतं. शेषगिरीराव उभे राहिले. त्यांना बोलायचा अधिकार नाही हे सभागृहात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांतून कोणी बोलू लागलं तर ते नोंदायचं नसतं, हा नियमही त्यांनीच पाळला होता. शिपायाने जुन्या ओळखीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बसले.

बाहेर वॉर्डाचा सभासद त्यांना ओळखून थांबला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, अय्या, तुमच्या संदूतून मला कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, तुम्हाला चालतंय. शेषगिरीरावांनी पोच काढली. त्याने ती हातातही घेतली नाही, नुसती पाहिली आणि मनापासून वाईट वाटल्यासारखं तोंड केलं.

घरी येऊन त्यांनी सतरा घरांत जाऊन खरं काय ते सांगितलं. कोणी त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. अनिरुद्धराव म्हणाले, आता अपील करू, आणि कागद शोधू लागले. अंबाबाई मात्र आत निघून गेली आणि तिने भांडी जरा जोरात आपटली.

पोंगलनंतरच्या सोमवारी यंत्र आलं. सरोजाबाई नेहमीसारख्या तिन्नैवर होत्या. शेषगिरीराव इंजिनियरपुढे हात जोडून उभे राहिले; जे सभासदाच्या दारात करायचं नाही म्हणाले होते, ते भर संदूत, ड्रायव्हरच्या देखत केलं. कृपया, ते म्हणाले. कृपया, एवढी एक तिन्नै, एका माणसापुरती. पोरगेला इंजिनियर अवघडून गेला. त्याने टेप लावून पुन्हा मोजलं, जणू मोजल्याने ती आत सरकणार होती. मग म्हणाला, सर, ठरावात सगळी लांबी आहे, मी एक सोडली तर मला बाकीच्या सोळा विचारतील. ते खरं होतं. शेषगिरीराव त्याच्या जागी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

दोघा मजुरांनी सरोजाबाईंना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. सुपातली पानं वाटेत सांडली. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. उजव्या हाताने त्यांनी खांब धरून ठेवला होता, तो एका मजुराने बोटं एकेक करून सोडवला. पुढचं शेषगिरीरावांनी पाहिलं नाही, आवाज तेवढा ऐकला. सतरा तिन्नै जायला सकाळचे तीन तास लागले.

आता दारापुढे चार फूट खोल गटार आहे. त्यावर फळी टाकलीय. झाकण मंजूर आहे, पुढच्या टप्प्यात येईल. फळीवरून शेषगिरीराव जातात, सरोजाबाईंना नेता येत नाही. भाजीवाली संदूच्या तोंडाशीच थांबते, शाळेच्या पोरी दुसऱ्या वाटेने जातात. अंबाबाई समोरच्या दारातून हाका मारते, पण मधे यंत्र चालू असतं आणि सरोजाबाईंना तेवढा आवाज काढता येत नाही. शेषगिरीराव दारात स्टूल टाकून बसतात आणि बाहेर काय दिसतं ते आत सांगतात. वेंकटराव चालले. कुत्रं आलं. ताकवाला आला नाही. त्यांना चार ओळींत सांगायची सवय. बायकोला हवं असायचं ते नेमकं त्यांच्या ओळींत येत नाही, हे त्यांना कळतं आणि ते आणखी सांगू लागतात. पहिल्या आठवड्यात सरोजाबाई "कोण तें?" म्हणून विचारत. मग नुसतं बघत. तिसऱ्या आठवड्यात दिवसभरात पाच-सहा शब्द, मग तेही बंद. अखिला फोनवर म्हणाली, आईला इकडे घेऊन या, बाराव्या मजल्यावर छान बाल्कनी आहे. शेषगिरीराव बरं म्हणाले, पण त्यांना नेण्यासाठी आधी फळी ओलांडायला हवी होती.

ठरावाची नक्कल त्यांनी रीतसर मागितली होती. ती काल आली, टपालाने. त्यांनी चष्मा लावला, दारातल्या उजेडात धरली. भुवनाने चूक करायला काही जागाच ठेवली नव्हती. समास, क्रमांक, परिच्छेद, सगळं त्यांनी शिकवलं तसं. दुसऱ्या परिच्छेदात ते थांबले. वहीतलं अकरावं वाक्य तिथे होतं. वही कंप्युटरवर चढवताना त्यांनीच भुवनाला सांगितलं होतं, हे वाक्य नमुन्यात कायमचं घालून ठेव, आक्षेप आलाच तर काढायचं. किती ठरावांत ते गेलं असेल! एकतीस वर्षांत ते काढावं लागल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. त्या त्या वेळी कोणाचे अर्ज कुठल्या गठ्ठ्यात बांधले गेले असतील, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की कागद फाडावा असं वाटलं. पण कागद फाडायची सवय नव्हती.

आतून सरोजाबाईंनी कागदाकडे बोट केलं. म्हणजे वाचा.

ते आत गेले, खुर्चीशी बसले. सगळं नाही वाचलं, तेवढंच तमिळ वाक्य वाचलं. जनतेकडून कोणताही आक्षेप आलेला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

"कोणीं लिहिलं?" सरोजाबाईंनी विचारलं. सबंध दोन शब्द, आठ दिवसांनी.

भुवनाने, असं म्हणता आलं असतं.

"मी," शेषगिरीराव म्हणाले.

सरोजाबाईंनी ते वाक्य मनात घोळवल्यासारखी मान हलवली. मग एकतीस वर्षांच्या सवयीने, रस्सम वाढता वाढता म्हणत तशाच आवाजात, त्या म्हणाल्या, "चांगलं लिहिलांत."

आणि त्यांनी दाराकडे तोंड फिरवलं.